वयनीचे काजू कोणी उचलले?

आज पहाटे खिडकी उघडली आणि वास आला. पिकलेल्या बोंडूंचा, काजूच्या फळांचा. गोड, थोडा आंबूस, नाकातून शिरला की थेट टाळूला जाऊन बसणारा. बाहेरगावच्या पाहुण्याला विचाराल तर तो नाक मुरडेल, म्हणेल काहीतरी नासलंय वाटतं. मला मात्र हा वास आला की घरात थारा लागत नाही. शिवणयंत्र तसंच टाकावं, पदर खोचावा आणि डोंगराची वाट धरावी असं होतं. इब्रामपूरला काजूचा हंगाम सुरू झाला, हे पंचांगात बघावं लागत नाही. पोदेर पाव घेऊन येतो त्याच्याही आधी हा वास दारात उभा असतो.

पण आज डोंगरावर जायचं कसं? लग्नसराई तोंडावर आहे. मी गावातले ब्लाउज शिवते आणि ह्या दिवसांत माझ्या घरात माणसांपेक्षा कापड जास्त असतं. शिवून झालेल्या ब्लाउजांची भली मोठी पिशवी मी चार दिवसांपासून सोप्यावरच्या खुंटीला अडकवून ठेवली आहे. हूक लावायचे, काजं करायची, हातशिलाई घालायची, सगळं बाकी आहे. यंत्राचं काम दिसतं, हाताचं दिसत नाही, आणि वेळ मात्र तेच खातं.

परवा वयनी येऊन गेली. वयनी म्हणजे माझी थोरली जाऊ. आमच्या अंगणाच्या पलीकडे तिचं अंगण. दारातच उभी राहून तिने विचारलं, "काय गो निशा, तपासूक कधी जातलस? सिस्टर येतली शुक्रवारी."

"लग्नसराई आटपू दे वयनी," मी सुईत दोरा ओवता ओवता म्हटलं. "पुढच्या खेपेला नक्की."

गेल्या खेपेलाही मी हेच म्हटलं होतं, तेव्हा चतुर्थीचे कपडे होते. वयनी नुसती पिशवीकडे बघून गेली. वयनी बोलते तेव्हा मी निर्धास्त असते. ती गप्प बसली की मला धास्ती वाटते. आज ह्या वासाबरोबर तो जुना हंगाम आठवला आणि मग हात सुईकडे जाईचना, म्हणून हे लिहायला बसले.

माझं माहेर पाळी गावचं. तिथे लहानपणी मला एकच हंगाम ठाऊक होता, खनिजाच्या ट्रकांचा. दोरीवर वाळत घातलेला पांढरा परकर संध्याकाळी विटकरी होऊन घरात यायचा. आई म्हणायची, आपल्याकडे कपडे धुवायचे नसतात, फक्त ओले करून पुन्हा रंगवायला बाहेर टाकायचे. अशा गावातून मी लग्न होऊन इकडे आले ती नेमकी चैत्रात, आणि दुसऱ्याच दिवशी वयनीने माझ्या हातात खिळा ठोकलेली काठी दिली. वाकायचं नाही, खिळ्याने बोंडू टोचून उचलायचा, काजू पिळून वेगळा करायचा, बोंडू एका टोपलीत, काजू दुसऱ्या. मी पाच बोटांनी खेचत बसले आणि रसाने नव्या साडीचा सत्यानाश केला. तो डाग कुठल्याच साबणाला दाद देत नाही.

"गो, बोंडू कापूस न्हय पिंजूक," वयनी हसत म्हणाली. "धर, गरागरा फिरव आणि सोड. घोवाक असो हळूहळू वळवतत, काजूक नाय."

थोरले भावजी तेव्हा हयात होते. तेही शेजारच्या झाडाखाली उभे राहून हसले. पुढे काही वर्षांनी एका पावसात ते अचानक गेले, आणि डोंगरावरची ती झाडं वयनीने एकटीने सांभाळली. कुंकू गेलं, बांगड्या गेल्या, काठी राहिली. उजाडायच्या सुमाराला ती डोंगरावर असायची आणि पोदेराचा भोंपू वाजला की खाली यायची, कमरेवर टोपली, तोंडात कुणाची तरी थट्टा. गावात ती नसली तर गाव मुकं वाटेल, अशी बाई.

तर त्या वर्षीची गोष्ट. माघाच्या आधी आरोग्य केंद्राने ठरवलं की गावोगावच्या बायकांची छातीची तपासणी करायची. दुखत असेल तिचीच नव्हे, सगळ्यांची. दुखायच्या आधी बघायचं, असं. त्यांनी पंचायतीवर मोठा गुलाबी फलक लावला. समोर बस थांबते, बाजूला चहाचं दुकान, दुकानाबाहेरच्या बाकावर गावातली निम्मी पुरुषमंडळी. त्या फलकाखालून कुठली बाई आत जाईल? सिस्टर दिवसभर बसली आणि दुपारी डबा खाऊन परत गेली. मीच काय ती गेले होते, तीही मागच्या दाराने.

अंगणवाडीच्या रेखाबाई त्या दिवशी माझ्याकडे आल्या त्या तणतणत. "फलक लावून बायका येतात काय गो? पेपरात वाचून कोण लग्नाला जातं?"

आणि ते खरंच होतं. आमच्याकडे आमंत्रण म्हणजे माणसाने उंबऱ्यात येऊन सांगायला हवं. बोलावलं नाही तर सख्खा भाऊ बारशाला जात नाही आणि बोलावलं तर वैरीसुद्धा जेवून जातो. मग आमच्या डोक्यात वीज चमकली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस. हळदीकुंकवाला कोण बाई नाही म्हणते? अंगणवाडीतच हळदीकुंकू घालायचं, तिथेच पडद्यामागे सिस्टरला बसवायचं. दुपारची वेळ, पुरुष तिकडे फिरकत नाहीत, भिंतीवर आंबा-केळ्यांची चित्रं, लाज वाटायचं कारणच नाही!

मला तर इतका चेव आला की त्या आठवड्यात मी पैशाचं काम हातात घेतलंच नाही. बायकांना अडतं कुठे ते मला माहीत होतं. माझ्यासमोर माप देतानाही ज्या श्वास रोखून भिंतीकडे बघतात, त्या अनोळखी सिस्टरपुढे उघड्या कशा बसतील? म्हणून मी उरलेल्या तुकड्यांच्या चोळ्या शिवल्या, पुढून नाडीने बांधायच्या. एक बाजू तपासताना दुसरी झाकलेली राहील अशा. कुठे पाठ निळी आणि बाही पिवळी, कुठे फुलांवर चौकडी. वयनीने त्या बघितल्या आणि कपाळाला हात लावला.

"पुढसून उघडे ब्लाउज? निशा, तू गाव बिघडवतलस!"

मग आम्ही दोघी, रेखाबाई आणि मी, हातात कुंकवाचा करंडा घेऊन घरोघर फिरलो. कुंकू लावायचं, सांगायचं, पुढच्या घरी. शेजारच्या सुनंदाने तेवढी कुरकुर केली. "दुखत नाय, खुपत नाय, मगे दोतोराक कित्याक दाखवचा? आणि काय गाठबिठ गावली तर? चेडवाचा लगीन ठरवचा आसा माका."

"गाठ असली तर तू बघितलं नाहीस म्हणून जाणार आहे का?" रेखाबाई म्हणाल्या, आणि तिच्या कपाळावर एवढं मोठं कुंकू टेकवलं की नाही म्हणायला जागाच राहिली नाही.

रथसप्तमीच्या दुपारी अंगणवाडी फुलली. काय सांगू तो थाट! ठेवणीतल्या साड्या, केसांत अबोलीचे वळेसर, सोप्यावर चपलांचा खच. जुन्या साडीच्या पडद्यामागे सिस्टर, तिच्या हातात मोबाइलएवढं यंत्र. टोचत नाही, भाजत नाही, छातीवरून हलकेच फिरवायचं. पहिल्यांदा सुनंदाच गेली, फाशी द्यायला नेतात तशी. आणि आतून तिच्या हसण्याचा आवाज आला. "गुदगुल्यो जातत गो!" ती ओरडली, आणि बाहेर एकच हशा पिकला. त्यानंतर रांगेत पुढे घुसण्यावरून बाचाबाची. माझी निळ्या पाठीची चोळी कोण घालणार ह्यावरून वेगळी. बाहेर येणाऱ्या प्रत्येकीला रेखाबाई वाण म्हणून चहाची गाळणी देत होत्या. मी तर हवेत होते. आपण पोलिओचा डोस शोधून काढल्यासारखं मला वाटत होतं.

संध्याकाळ होत आली. सिस्टर पडद्यातून बाहेर आली, घाम पुसला, समोर मांडलेल्या ताटातले चणे खाल्ले आणि सहज म्हणाली, "सगळ्यो तरण्योच बायलो आयल्यो. पन्नाशी वयल्यो खंय गेल्यो? वय वाडटा तशी ही तपासणी चड गरजेची."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. कोण आलं नाही ते आठवू लागलो. पलीकडच्या वाड्यावरची मावशी आली नव्हती. देवळाजवळची काकी नव्हती. रेखाबाईंची स्वतःची सासू नव्हती. नावं घेता घेता आमचे आवाज खाली खाली गेले, कारण त्या सगळ्यांच्यात एक गोष्ट सारखी होती. त्यांना आम्ही बोलावलंच नव्हतं. कुंकू पुसलेल्या बाईपुढे करंडा घेऊन कसं जाणार? ते आम्ही ठरवलंही नव्हतं. आमच्या पायांनाच ती दारं सोडून पुढे जायची सवय होती.

आणि मग मागच्या स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला. चणे कुणी शिजवले होते? चहाचं आधण सकाळपासून कोण सांभाळत होतं? वयनी. न्याहारी करून ती जी आली ती मागच्या दाराने आत गेली, चुलीपाशी बसली, आणि दुपारभर त्या एवढ्या बायकांचं खाणंपिणं तिने एकटीने निभावलं. पडदा आणि चूल ह्यांच्यामध्ये एक भिंत होती. भिंतीच्या अलीकडे गावातल्या बायका हसत तपासून घेत होत्या आणि पलीकडे ती त्यांच्यासाठी खोबरं किसत होती. कुणाच्या, अगदी कुणाच्याही मनात आलं नाही की वयनी, तूही ये.

मी आत गेले. ती टोप घासत होती.

"वयनी, तू का नाही आलीस?"

"माका खय आपयलास?" ती टोपातली राख फिरवत म्हणाली. बोलावलं नाही ह्याचा स्वरात राग नव्हता, रुसवा नव्हता. पाऊस पडला नाही म्हणून छत्री घेतली नाही, इतक्या साधेपणाने. "आणि हळदीकुंकवाक माजा काय काम?"

सिस्टर तोवर यंत्र पेटीत भरून गाडीत बसली होती. पेडण्याच्या रस्त्याला तिची गाडी वळेपर्यंत मी दारात उभी होते. मला आमच्या सगळ्यांचा राग आला, आणि वयनीचाही आला, की ही बाई अशी कशी गप्प बसते!

पण राग घेऊन बसायचा माझा स्वभाव नाही. दुसऱ्याच दिवशी आम्ही सिस्टरला गाठलं. ती म्हणाली, येते, पण चैत्रात. चैत्र म्हणजे काजूचा भर. आम्ही हो म्हणून टाकलं. ह्या खेपेला करंडा घरीच. मी, रेखाबाई आणि आता सुनंदासुद्धा, हात हलवत घरोघर गेलो, आणि आधी त्याच दारांत गेलो जी राहिली होती. देवळाजवळच्या काकींनी आम्हाला बघून विचारलं, "कोण गेला काय?" त्या घरी बायका जमून फक्त दुखवट्यालाच जायच्या. आम्ही आमंत्रण द्यायला आलोय म्हटल्यावर काकींनी पाट मांडला, पाणी दिलं, आणि काय बोलायचं ते सुचेना म्हणून पुन्हा पाणी दिलं. त्यांनी यायचं कबूल केलं. एकेक करत सगळ्यांनी केलं.

वयनीने मात्र नाही.

"काजू कोणासाठी थांबत नाय गो," ती म्हणाली. "सकाळी नाय उचलले तर गुरा बोंडू खातत, पोरा काजू पळयतत. तुमची सिस्टर सकाळचीच येता. पुढच्या वर्साक बघूया."

मी विनवलं, रागावले, भावजींची शपथही घालून पाहिली. ती हसून पुढच्या झाडाकडे जायची. निमित्त काजूचं होतं, पण तिला भीती वाटत होती का, की बोलावणं उशिरा आलं म्हणून आत कुठे काही दुखत होतं, हे मला कळेना. मला एवढंच कळत होतं की ही गेली तर माझ्या घरातलं अर्धं हसणं जाईल. आणि पुढच्या वर्षाचं कोणी बघितलंय?

शेवटी युक्ती सुनंदाला सुचली. तीच ती, जिला कुंकू टेकवून आणावं लागलं होतं.

आमच्याकडे दुसऱ्याच्या झाडाखालचा काजू उचलणं म्हणजे चोरीच. भांडणं होतात, देवळात गाऱ्हाणी घातली जातात, दोन घरं वर्षानुवर्षं बोलत नाहीत. तर त्या दिवशी तांबडं फुटायच्या आत आम्ही बायकांनी वयनीच्या डोंगरावर दरोडा घातला. कुणी सून घेऊन आली, कुणी सासू. देवळाजवळच्या काकीसुद्धा काठी टेकत वर चढल्या. पालापाचोळ्यात पिवळे-तांबडे बोंडू पसरलेले, त्यावर दव, आणि वास असा की डोकं गरगरावं. आम्ही हसू दाबत, एकमेकींना चिमटे काढत उचलत सुटलो. टोच, पीळ, टाक. माझ्या हातांना अजूनही वयनीचा वेग नव्हता, काजूच्या चिकाने बोटं चुरचुरत होती, पण इतकी मजा मला माझ्या लग्नातही आली नव्हती. उजाडेपर्यंत झाडाखाली एक बोंडू राहिला नाही. टोपल्या भरून आम्ही करवंदीच्या जाळीमागे नेल्या आणि तिथेच दबा धरून बसलो.

वयनी आली. पहिल्या झाडाखाली थांबली. दुसऱ्याखाली गेली. मग तिचा आवाज जो सुटला तो बहुतेक महाराष्ट्रात ऐकू गेला असेल, हद्द जवळच आहे.

"कोणी गो, कोणी माजे काजू उचलले? भायर येवा! आत्ताच्या आत्ता देवाक गाऱ्हाणा घालतंय! हात सडतले मेल्याचे!"

"हात सडवू नको वयनी," सुनंदा जाळीमागून उठली. "ह्याच हातांनी तुजे टोपले भरलेत."

मग आम्ही सगळ्याच उठलो. साड्यांना पाचोळा लागलेला, हात रसाने चिकट, काकींच्या केसांत करवंदीचं पान. वयनी आमच्याकडे बघत राहिली. मी पुढे झाले. मला वाटलं होतं मी काहीतरी छान बोलेन, पण दम लागला होता.

"वयनी, आम्ही तुला बोलवायला आलोय. सगळ्या मिळून. आता सांग, काय निमित्त उरलं?"

ती मटकन दगडावर बसली. काठी मांडीवर आडवी घेतली. "माका आपवूक?" ती म्हणाली. "सगळी डोंगरार इलास?" आणि पदराने डोळे पुसले. लगेच ती टोपलीत डोकावली. "आणि ह्यो कच्चो कोणी तोडलो? निशाचाच काम."

कच्चा मीच तोडला होता. पण ती आली! डोंगरावरून थेट, तशाच डागांच्या साडीत, आम्हा सगळ्यांच्या मध्ये चालत आली, वाजत गाजत. अंगणवाडीत माझी निळ्या पाठीची चोळी तिने स्वतः उचलली. पडद्यामागे गेली. आम्ही बाहेर तिच्या हसण्याची वाट बघत होतो, कारण आत सगळ्याच हसायच्या.

ती हसली. मग हसू मध्येच थांबलं. मी पडद्याच्या फटीतून बघितलं. सिस्टरचा हात पुढे गेला होता, तो मागे आला. पुन्हा त्याच जागी आला. तिथेच थांबला.

"मावशी, म्हापशां वचून एक फोटो काडया," सिस्टर तिला जायचं बजावत म्हणाली. "भियेवपाचें कांय ना. पूण वचपाचें म्हणजे वचपाचेंच."

वयनीने चोळीची नाडी बांधली. बाहेर येऊन तिने पहिलं विचारलं, "आणि काजू कोण उचलतलो?"

"आम्ही," काकी म्हणाल्या. आणि उचलले. ती म्हापशाला गेली त्या प्रत्येक सकाळी कोणीतरी डोंगरावर होतं.

दोन पाट्यांमध्ये दाबून काढायचा तो फोटो झाला, सुईची तपासणी झाली, आणि मग अहवालाची वाट बघणं. ते दिवस कसे गेले ते माझ्या गिऱ्हाइकांना विचारा. एका ब्लाउजाला मी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. वयनी मात्र रोज डोंगरावर. शेवटी डॉक्टरांनी बोलावलं. गाठ होती, वाईटच होती, पण बारीक होती आणि जागची हलली नव्हती. हाताला लागायलाही अजून बराच अवकाश होता. डॉक्टर म्हणाले, "लवकर आलात." मी तिथेच, इस्पितळाच्या त्या पॅसेजमध्ये, वयनीला मिठी मारली. माझा आनंद तिला कळेना. "गाठ गावली आणि ह्या नाचता!" ती डॉक्टरांना म्हणाली. परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "काजूएवढीसुदीक नाय, आणि केवढी बोंब!"

ऑपरेशन झालं, किरणांचे शेक झाले. सोपं होतं असं मी म्हणणार नाही. शेकाच्या दिवसांत ती अंगणात उन्हाला पाठ करून बसायची आणि थट्टा करायचाही तिला कंटाळा यायचा. पावसाळा ओसरल्यावर एका दुपारी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, माप घे. तिचं माप मला तोंडपाठ होतं, इतकी वर्षं तेच होतं. आता एका बाजूला टेप वेगळी बसली. मी आकडा नुसता वहीत लिहिला. माझे डोळे भरून आले.

"टेप भिजवशीत," वयनी म्हणाली. "शिव गप. आणि रंग बरो काढ. फिक्को नको."

मी तिला बोंडूच्या तांबड्या रंगाचं कापड काढून दिलं. ती घालून ती देवळात गेली, आणि कोणी काही बोललं असेल तर ते तिच्यासमोर बोललं नाही.

तेव्हापासून आमच्या गावात तपासणीचं आमंत्रण वयनी करते. काजूच्या दिवसांत सिस्टर येणार म्हटलं की वयनी बोंडूंचा चोथा फडक्यात बांधून टांगते, खाली भांडं ठेवते. त्यातून ठिबकतो तो नीरो. स्वच्छ, गोड, थंड. ती किटली भरून घेते आणि घरोघर जाते. उंबऱ्यात उभी राहून पेला भरते, हातात देते आणि बाई तो पिईपर्यंत हलत नाही. तिच्या हातचा नीरो पिऊन कोण नाही म्हणणार? कुंकवाला दारं निवडावी लागतात. नीरो सगळ्यांना चालतो. आणि एकदा तपासलं म्हणजे जन्माचं झालं, असं कुणी म्हटलं की ती विचारते, "काजू एकदा उचललो म्हणान पुढच्या वर्साक पडाचो नाय?"

इथवर लिहिलं आणि बाहेर पोदेराचा भोंपू वाजला. म्हटलं, पुरे झालं, आज शुक्रवार, कामाला लागूया. सोप्यावर आले. खुंटी रिकामी.

लोकांचे ब्लाउज! त्यात दोन नवऱ्या मुलींचे, एक शालूवरचा! मी आत बघितलं, यंत्राखाली बघितलं, अंगणात धावले आणि भान न राहून ओरडले, "कोणी माझी पिशवी नेली? कोणी नेली गो?"

अंगणाच्या पलीकडून हसू आलं. वयनीच्या सोप्यावर दिवा अजून जळत होता. वयनी, सुनंदा आणि देवळाजवळच्या काकी पाय पसरून बसल्या होत्या, मध्ये माझ्या ब्लाउजांची नीट घडी घातलेली चळत. सुनंदा दाताने शेवटचा दोरा तोडत होती. हूक लागलेले, काजं झालेली, हातशिलाई घातलेली. मी जवळ जाऊन बघितलं. शालूवरच्या ब्लाउजाचे हूक उलटे लावले होते. म्हटलं, ते नंतर उसवू.

वयनी उठली. तिच्या अंगात तोच तांबडा ब्लाउज होता, आता धुऊन धुऊन जरा विरलेला. तिने किटलीतून पेला भरला आणि माझ्यापुढे धरला.

"सिस्टर इली आसतली," ती म्हणाली. "आता सांग, काय निमित्त उरला?"

मी नीरो घटाघटा प्यायले, घरात जाऊन शिवणयंत्रावर झाकण घातलं, आणि तिच्याबरोबर निघाले.